बोर्डवाल्यांनी दिलेली सोय

या, जरा जवळ सरकून बसा. आणि माना खाली घालू नका, मी काही मारत नाही. पण इतक्या वर्षांत तुमच्यापैकी एकालाही बोर्डवाल्यांची साधी चौकशी करावीशी वाटली नाही? पुण्यातच राहता ना? मग ऐका आता. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही, त्यांनीही ऐका.

बोर्डवाले येणाऱ्याचं स्वागत अपमानाने करत. खडकीला फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये त्यांच्या बाहेरच्या खोलीत एक कॉम्प्युटर होता, त्याला फोनची लाइन जोडलेली. घरोघरी इंटरनेट यायच्या आधीची गोष्ट ही. आपण आपल्या कॉम्प्युटरवरून तो नंबर फिरवायचा, मोडेम किंचाळायचा, आणि लागलाच तर त्यांचा बुलेटिन बोर्ड आपल्या पडद्यावर उघडायचा. तिथे एकमेकांना पत्रं लिहायची, आपल्या फाइली ठेवायच्या, दुसऱ्यांच्या उतरवून घ्यायच्या. एका वेळी एकच माणूस. आणि उघडताच पहिली ओळ काय? "आलात? लवकर आटपा. बाहेर आपल्यापेक्षा शहाणी माणसं खोळंबली आहेत."

बँकेतल्या जोशींनी एकदा चुकून एकच फाइल दोनदा चढवली. दुसऱ्या दिवशी सगळ्या पुण्याने वाचलं: "जोशींना जुळी झाली आहेत. दोन्ही बापावर गेली आहेत. पाहायला जाण्यासारखी नाहीत." जोशी रागावले, काही दिवस फिरकले नाहीत, मग आले परत. जाणार कुठे? कोणी आभार मानले तरी उत्तर ठरलेलं: "आभार मानून लाइन अडवू नये."

घरात एकटेच. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. फॅक्टरीतून आले की शर्टही न बदलता पडद्यासमोर बसत. आपण इकडे काय टाइप करतो ते त्यांना तिकडे अक्षर न् अक्षर दिसे, आणि मध्येच त्यांची ओळ येई: "थांबलात का? बोटांना झोप लागली?" मला आधी संताप यायचा. मग कळलं, या माणसाच्या गप्पा म्हणजे एवढ्याच.

मी कॉम्प्युटर शिकले ती पुस्तक उघडं ठेवून, गॅसवर कुकर लावून, एका बोटाने. भरतकामाचे नमुने मी फुल्या आणि टिंबं टाइप करून बोर्डवर ठेवायची. मोर, कोयऱ्या, वेली. प्रत्येकाची फाइल वेगळी. बायका उतरवून घेत, मला हुरूप येई. पण त्या हलवायच्या किंवा पुसायच्या म्हणजे जीव जायचा. एकेका फाइलचं अख्खं नाव टाइप करा, मग "नक्की?" विचारणार, मग वाट बघा, तोवर वेळ संपून लाइन तुटणार. बोर्डचा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिलेला. म्हणून मी सूचना पाठवली, की हव्या त्या फाइलींवर खुणा करता याव्यात आणि मग एक बटण दाबलं की सगळ्या एकदम उतराव्यात, हलाव्यात नाहीतर पुसल्या जाव्यात.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच ओळीत: "काकूंना एका घासात अख्खं ताट संपवायचं आहे. घशात अडकेल."

मी चिकट. पुन्हा पाठवली, पुन्हा टोमणा खाल्ला. हळूहळू तुम्हीही सगळे तेच मागायला लागलात, आठवतंय ना?

मग घरोघरी इंटरनेट आलं. बोर्डवर येणारे कमी झाले, नंबर पहिल्या झटक्यात लागायला लागला; मला आनंद झाला, त्यांना कसा व्हावा? आणि एका सकाळी ओळ बदललेली दिसली: "मागितलेली सोय केली आहे. आता तरी रडू नका." मी खुशीत एका फटक्यात सगळ्या कोयऱ्या एका जागी लावल्या. काय सुरेख केलं होतं हो त्यांनी!

आणि तुम्ही काय केलंत? एकेक जण आलात, आपापल्या सगळ्या फाइलींवर खुणा केल्यात, घरी उतरवल्यात, मागचं पुसलंत आणि गेलात. कोणी दोन शब्द लिहिले नाहीत. लिहिले ते जोशींनी: "सोय उत्तम. निघताना फार उपयोगी पडली."

मी रिक्षा करून खडकीला गेले. पडद्यावर नावं उरली होती ती फक्त माझ्या नमुन्यांची.

"बघा आपली सोय," बोर्डवाले म्हणाले.

"अहो, मग दिलीत कशाला?"

"एकेक उचलावी लागत होती, तोवर कंटाळ्यापायी का होईना, राहत होते. मला ठाऊक होतं ते." चष्मा काढून पुसला. "मग वाटलं, एवढं मागतात तर द्यावं. दिलं तर राहतील."

मी पडद्यावरच्या नावांकडे बघितलं. म्हटलं, "माझे नमुने राहू देत इथे. मी येत जाईन रोज."

"कीव नको. जागा अडते."

आणि माझ्यादेखत त्यांनी सगळ्यांवर खुणा केल्या आणि बटण दाबलं. मोर गेले, वेली गेल्या. काही माझ्याकडे होते. बाकीचे गेले ते गेलेच. "चालते नीट," म्हणाले, आणि फोनची लाइन भिंतीतून उपटून काढली.

वर्षभर मी त्यांच्याशी बोलले नाही. मग मलाच करमेना. आता ते येरवड्याला बहिणीकडे असतात. मी जाते अधूनमधून, बोलणी खाते, चहा पिते, येते. परवा गेले तर कॉटवर टेकून बसले होते. म्हणाले, "बरं झालं आलात." नंतर विचारलं, "जोशी बरे आहेत ना?" पुढे काहीतरी बोचरं येणार म्हणून मी कप हातात धरून थांबले. काहीच आलं नाही. त्यांच्या बहिणीने माझ्याकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली.

पत्ता मी देते. जोशी, तुम्ही आधी. ओशाळू नका, फळंबिळं नेऊ नका, नुसते जा. पण लवकर जा हो.