बब्बीच्या पोटात काय भरायचं?

नरसक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका बाहुलीची मान पिळत होत्या. समोर पाण्याची बादली, मांडीवर पंचा आणि हातात लाल ओठांची, दोन वेण्यांची कापडी बाहुली. अक्कांनी तिला बुचकळलं, पिळलं, झटकलं आणि एका पायाला चिमटा लावून दोरीवर उलटं टांगलं. दोरीवर आधीच पाच-सहा जणी तशाच लटकत होत्या. माझी पाच वर्षांची मनू माझ्या पायामागे लपली. आपण बाहुल्या करणाऱ्या बाईंकडे आलोय की चुकून भलतीकडेच, असं मलाही क्षणभर वाटलं.

"भिऊ नको बिड्डा," अक्का म्हणाल्या. बिड्डा म्हणजे त्यांच्या तेलुगूत लेकरू. "द्यायच्या आदी पाणी दाखवायला लागतंय की. जिला पाणी सोसत न्हाय, ती पोरीच्या हातात काय टिकनार?"

सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे बोलायचं तर मागांच्या खडखडाटावर आवाज चढवावा लागतो, तिथे अक्कांचं दोन खोल्यांचं घर होतं. नवऱ्याबरोबर त्यांनी उभा जन्म टॉवेलच्या कारखान्यात काढला. नवरा गेला, काही वर्षांनी अक्कांनीही कारखाना सोडला आणि घरी बसून बाहुल्या शिवायला घेतल्या. कारखाना का सोडला, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण मी माझ्याच काळजीत होतो.

काळजी अशी की मनूची छाती वाजायची. धूळ लागली की शिट्टीसारखा आवाज, मग धाप, मग दवाखाना. आणि गड्ड्याच्या जत्रेत घेतलेली बब्बी नावाची बाहुली तिच्या नाकाशी चोवीस तास. बब्बीच्या पोटात फोमचा चुरा होता. डॉक्टरांनी बब्बीला दोन बोटांत उचललं, थोडं आपटलं, उडालेली धूळ मला दाखवली आणि म्हणाले, "एक तर हिला घरातून काढा, नाहीतर आतलं सगळं बदला. फोम नको, फर नको. दर आठवड्याला गरम पाण्यात धुता आलं पाहिजे आणि कडक उन्हात वाळलं पाहिजे."

बब्बीला काढायचं म्हटल्यावर मनू दोन दिवस जेवली नाही. म्हणजे आतलं बदलणं आलं. मी विमा कचेरीत नोकरी करतो. आमच्याकडे एका प्रश्नाला एक उत्तर असतं आणि त्यापुढच्या चौकोनात खूण करता येते. बाहुलीत काय भरावं याला मात्र सतरा उत्तरं निघाली. मोबाइलवर तीन दिवस वाचलं. एकजण म्हणे कापसासारखं काही नाही. दुसरा म्हणे कापूस सोडून काहीही भरा. तिसरा लोकरीचं गुणगान करत होता, चौथ्याला लोकरीचं नाव काढलेलं खपत नव्हतं. चौथ्या दिवशी डोक्याचं भजं झालं आणि मी अक्कांकडे गेलो.

अक्कांनी बब्बीची पाठ उसवून फोम काढून टाकला, नुसती खोळ उलटसुलट करून पाहिली आणि शेजारच्या पोत्यात हात घालून टॉवेलच्या बारीक तुकड्यांची एक मूठ बाहेर काढली.

"हे भरू की, सार."

"छे छे, अक्का," मी म्हणालो. "असल्या चिंध्या नकोत. मुलीच्या तब्येतीचा प्रश्न आहे. चांगलं, नैसर्गिक, नवं कोरं काहीतरी भरा."

अक्कांनी मूठ परत पोत्यात सोडली आणि पोत्याचं तोंड सुतळीने बांधलं. "बरं सार. तुमी शिकलेले."

"कापूस कसा राहील?"

"कापूस लई चांगला सार..." असं म्हणून त्या दाराबाहेर बघत बसल्या. अक्कांची ही सवयच होती. बोलता बोलता मध्येच थांबायच्या आणि दाराकडे टक लावायच्या. मला वाटे, संपलं बोलणं. मी चपला घालून स्कूटरपर्यंत पोचलेला असे. मला उत्तर मिळालेलं होतं ना!

पुढच्या रविवारी मी पिशवीभर कापूस नेला. अक्कांनी दुपारभर बसून तो बोटांनी मोकळा केला आणि बब्बीत भरला. बब्बी अशी गुबगुबीत झाली की मनूने तिच्या पोटाचा मुकाच घेतला. पहिल्या धुण्यात त्याच पोटात बटाटे झाले. दोन गोळे इकडे, एक तिकडे, आणि मान पोकळ. शिवाय आतला ओलावा तीन दिवस हटेना. सोलापूरच्या उन्हात हटेना म्हणजे बघा.

"अक्का, तुम्ही तर कापूस चांगला म्हणाला होतात!"

"चांगलाच हाय की."

"मग हे काय झालं?"

"धुतल्यावर असंच हुतंय." जसं काही मीच अडाणी.

मग सावरीचा कापूस. "सावर लई मऊ, सार. रेशमावानी मऊ..." अक्का म्हणाल्या आणि दाराकडे बघू लागल्या. मी निघालो. सावर खरोखरच मऊ होती. इतकी की अक्कांच्या खोलीत ती पिंजताना सगळी उडाली. भिंती, देवांचे फोटो, अक्कांच्या भुवया, सगळं पांढरं. मनूला तिथून उचलून बाहेर पळावं लागलं. धुतल्यावर सावर जी निपचित बसली ती पुन्हा उठलीच नाही. बब्बी पंधरा दिवसांच्या आजारातून उठल्यासारखी दिसायला लागली.

मग लोकर. कचेरीतल्या एकाच्या गावी, सांगोल्याकडे, घोंगड्या विणणारे होते. त्यांच्याकडून आणली. "लोकर धुता येती सार..." अक्का म्हणाल्या. वा! म्हटलं, सापडलं. अक्कांनी दोन दिवस बसून ती निवडली, पिंजली, भरली. माझी बायको शुभा हिने डॉक्टरांच्या हुकमाप्रमाणे कढत पाणी घेतलं आणि बब्बीला त्यात सोडलं. आतली लोकर आटून लिंबाएवढी झाली. सैल खोळीत तो टणक गोळा खालीवर फिरायचा. मनू शाळेतून आली की बब्बी हलवून तो कुठे आहे ते शोधत बसायची. तिला निदान खेळ मिळाला.

"अक्का, लोकर धुता येते म्हणालात!"

"येती की. गार पाण्यात, हळू." हे तेव्हा सांगायचं नाही का? मी नुसता कपाळाला हात लावला. बाई जाणूनबुजून माझी गंमत करतायत की त्यांनाच काही आठवत नाही, याचा थांग लागेना.

चौथा प्रयोग माझ्या डोक्यातला. ओळखीच्या कारखान्यात ताण्याच्या सुताची तुटकी टोकं पोत्याने पडलेली असतात. शुद्ध सूत, नवं कोरं, पांढरंस्वच्छ. अक्कांनी मूठभर हातात घेऊन नाकाशी नेलं, ओढून पाहिलं आणि मान डोलावली. धुतलेली बब्बी आम्ही गच्चीवर वाळत घातली. संध्याकाळी शुभा तिला घेऊन खाली आली आणि तिने ती टेबलावर आपटली. लाकडासारखा आवाज आला. दोन्ही हात वर करून बब्बी कडक झाली होती. ताणा मागावर चढवण्याआधी धागे तुटू नयेत म्हणून सुताला खळ लावतात, ती गरम पाण्यात सुटली आणि आतल्या आत वाळून घट्ट बसली.

ते बघून अक्का पहिल्यांदा ओशाळल्या. "जल्म खळीत गेला, सार. पोरांच्या अंगाला पन तोच वास. आता नाकाला येगळा कळंना झालाय." हात वर केलेल्या बब्बीला त्यांनी मांडीवर घेतलं. "ऱ्हाऊ दे माज्याकडं."

घरी शुभाने निक्षून सांगितलं, "महिना झाला. पुढच्या रविवारी बाहुली नीट झाली तर ठीक, नाहीतर तो विषय संपला. पोरीला काय सांगायचं ते तू सांग." मनूने सगळं ऐकलं होतं. ती रडली नाही. बब्बीचा छोटा टॉवेल घडी करून तिने कपाटात आत, अगदी मागे ठेवला. ते बघून मला जास्त वाईट वाटलं.

रविवारी गेलो तर दोरी रिकामी आणि अक्का घरात नाहीत. त्यांची सून सुनंदा दारातच भेटली.

"दवाखान्यात हाईत. धाप लागली लई. परवा नेलं."

"धाप? अक्कांना?"

सुनंदा माझ्याकडे बघतच राहिली. "तुमाला म्हाईत न्हाय? कारखाना कशामुळं सोडला मग? छातीत सगळी कापसाची धूळ. डाक्टरनं दोन वर्सांपूर्वीच बजावलंय, कापसाला हात लावायचा न्हाय. म्हनून तर टावेलचं धुतलेलं कातरण भरायच्या. कातरणाला धूळ न्हाय. आन ह्या म्हैन्यात कापूस काय, सावर काय, लोकर काय, दार लावून पिंजत बसल्या. मी भांडली तर म्हनत्यात, माजी छाती जुनी झाली, त्या पोरीची नवी हाय."

मी पायरीवरच बसलो. अक्का दाराकडे बघायच्या, तेव्हा त्या काहीच बघत नव्हत्या. श्वास गोळा करत होत्या. कापूस लई चांगला, पण धुवायचा नसेल तर. सावर लई मऊ, पण पाण्याला नाही. लोकर धुता येते, पण गार पाण्यात. प्रत्येक वाक्याला दुसरा अर्धा भाग होता आणि तो यायच्या आत मी स्कूटरला किक मारलेली असायची. एकुलत्या एक मुलीच्या छातीची शिट्टी मला दोन खोल्यांपलीकडून ऐकू यायची. हातभर अंतरावर बसलेल्या बाईची धाप मात्र मला चार रविवार कळली नाही.

सुनंदाने आतून बब्बी आणून दिली. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी अक्कांनी ती पुरी केली होती. पाठीला आता शिवण नव्हती, नाडी होती. नाडी सोडली की आत मलमलीच्या बोटभर पिशव्या, आणि प्रत्येक पिशवीत टॉवेलचे धुतलेले तुकडे. पिशव्या काढायच्या, उकळत्या पाण्यात टाकायच्या, पत्र्यावर पसरायच्या. सोलापूरच्या उन्हात दुपारपर्यंत खडखडीत. मग मनूनेच त्या एकेक करून भरायच्या आणि नाडी बांधायची. पहिल्या खेपेला तिने एक पिशवी डोक्याऐवजी पायात घातली, पण बब्बी बब्बीसारखी दिसत होती. शुभाने कपाटातला छोटा टॉवेल काढून मनूच्या हातात दिला.

अक्का घरी आल्याचं कळलं तेव्हा मी मनूला घेऊन गेलो. लेक त्यांना कुर्डुवाडीला नेणार होती. तिचा नवरा रेल्वेत, घराच्या आसपास एकही माग नाही. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, निम्म्या झाल्यासारख्या. मी रस्ताभर जुळवलेलं वाक्य कसंबसं म्हटलं, "अक्का, मला माफ करा. मी तुम्हाला कापूस पिंजायला लावला."

"तेचं काय न्हाय सार..." अक्का म्हणाल्या आणि दाराकडे बघू लागल्या.

त्याचं काही नाही, असं उत्तर मिळालं होतं. पूर्वीचा मी एवढ्यावर हलका होऊन उठलो असतो. या वेळी बसून राहिलो. मनूही बसली. अक्कांचे खांदे वर जात होते, खाली येत होते. सुनंदाने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. बाहेर माग चालू होते.

"कापसाचं काय न्हाय," अक्का पुन्हा म्हणाल्या. "तेची सवय हाय. पन तुमी चिंध्या म्हनला. आमचे हे मागावर टावेल काडायचे, मी कडा कातरायची. तेच कातरण भरून तीन पोरींच्या उशा केल्या, बावल्या केल्या. एक पोरगी उपाशी झोपली आसंल, पन टनक उशीवर न्हाय झोपली. तेला चिंधी म्हनू नका."

खरं सांगायचं तर तो शब्द मी वापरल्याचं मला आठवतही नव्हतं.

अक्का मात्र थांबल्या नव्हत्या. पुन्हा श्वास गोळा करून त्या मनूकडे वळल्या. "आन म्या पन तवाच बोलायला पायजे हुतं. रुसून बसली. बोलली आसती तर तुजा आख्खा म्हैना वाचला आसता बिड्डा. माजंबी चुकलं." आणि त्यांनी त्या पाच वर्षांच्या पोरीला हात जोडले.

त्या थंडीत कुर्डुवाडीलाच अक्का वारल्या. सुनंदाचा फोन आला तेव्हा मी कचेरीत होतो. मनू आता आठ वर्षांची आहे, तिला वर्षभरात दवाखाना लागलेला नाही. ओळखीतलं कुणी विचारलं की बाहुलीत काय भरावं, तर मी सांगतो, धुतलेलं कातरण भरा, आणि त्याला नाव ठेवू नका. लोक हसतात. त्या दिवशी माफी मागायला मी गेलो होतो आणि हात जोडले अक्कांनी, तेही माझ्या मुलीला. मी ते हात धरायला हवे होते. मी नुसता बघत बसलो. का, ते मला आजही सांगता येत नाही.