मधला ब्रेक

आमच्या पार्कातल्या रोलर कोस्टरमधून उतरणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच तक्रार करतो. दिंडोरीकडून येणारी पोरं तर तोंडावर म्हणतात, "ताई, मधीच ब्रेक कशाला मारता? लय भारी पळत होती." त्या राइडची देखभाल माझ्याकडे आहे, त्यामुळे हे मलाच ऐकावं लागतं. सुरुवातीला मी उत्तर द्यायचे. आता "पुढच्या वेळी बघू" म्हणते आणि ते हसत निघून जातात.

उत्तर तसं साधं आहे. आमच्या रुळावर एका वेळी दोन गाड्या असतात. रुळाचे तुकडे पाडलेले आहेत आणि एका तुकड्यात एकच गाडी, हा नियम. गाडीला इंजिन नाही. साखळी तिला चढावर ओढून नेते, तिथून पुढे ती स्वतःच्या वजनाने पळते. तेव्हा तिला थांबवायची एखादी जागा वाटेतच असावी लागते. पुढची गाडी अडली तर मागचीने तिथे थांबायचं. शिवाय दुपार झाली की चाकांतलं ग्रीस पातळ होतं, गाडीही माणसांनी भरलेली असते, आणि सकाळी रेंगाळणारी तीच गाडी दुपारी उधळते. त्या वेगाने पुढच्या वळणात घुसली तर चाकं झिजतात आणि माणसांच्या माना धरतात. म्हणून गाडी थांबवायची नसली तरी मधला ब्रेक तिला जरा आवरतो. लोकांना वाटतं, आम्ही त्यांची मजा चोरली.

हे मी वडिलांना कधी सांगितलं नव्हतं. ते मनमाडच्या आसपासच्या लहान स्टेशनांवर स्टेशन मास्तर होते आणि आता निवृत्त होऊन मनमाडलाच राहतात. तुम्ही काय करता, असं कोणी विचारलं की ते म्हणायचे, "गाड्या थांबवतो." लोक हसायचे, कारण गाडी उशिरा आल्याचं खापर तसंही त्यांच्याच डोक्यावर फुटायचं. मलाही तो विनोदच वाटायचा. माझ्या नोकरीवर मात्र ते विनोद करत नसत. मुलगी इंजिनिअर झाली आणि जत्रेतल्या पाळण्यावर कामाला लागली, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. नातेवाइकांत विषय निघाला की "ती नाशिकला असते" एवढंच सांगून ते चहाचं बघायला उठायचे. मला राग यायचा. रागापेक्षा वाईट जास्त वाटायचं.

गेल्या वर्षी त्यांनी मनमाडच्या एका कॉलेजात माझ्यासाठी शब्द टाकला. शिकवायची नोकरी, घरचा डबा, उन्हाळ्याची सुट्टी. काय ते दसऱ्यापर्यंत कळवायचं होतं. मी म्हटलं, "बाबा, एकदा येऊन बघा. बघितल्यावरही सोड म्हणालात, तर सोडते." बोलून बसले आणि मग पस्तावले, कारण ते शब्दाचे पक्के, आणि मीही त्यांचीच मुलगी.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते आणि त्यानंतर कामगारांच्या घरच्यांसाठी राइड चालवतात. त्या सकाळी आमचा इलेक्ट्रिशियन झेंडूच्या माळा खांद्यावर टाकून हिंडत होता. मी त्याला सांगितलं, गाडीच्या तोंडाला घाल, केबिनला घाल, वर मधल्या ब्रेकपाशी नको.

"मॅडम, समद्यांना घातली अन् ब्रेकलाच नाय घातली, तर तो रुसंल ना," तो म्हणाला.

"रुसू दे."

त्याने मान डोलावली आणि माझी पाठ वळताच वर जाऊन तिथल्या कठड्याला चांगली जाडजूड माळ बांधून आला. ब्रेकला कुंकवाचं बोटही लावलं. त्याच्या दृष्टीने त्या राइडचा देव तोच होता, आणि देवाला वगळून पूजा करायला त्याचं मन धजेना.

वडील कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात आले. त्यांनी राइडकडे न बघता आधी केबिन बघितली, तिथले लाल-हिरवे दिवे बघितले. मग म्हणाले, "बसतो." तब्येत ठणठणीत, तेव्हा नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. ते दुसऱ्या गाडीत पुढच्या रांगेत जाऊन बसले.

पहिली गाडी मधल्या ब्रेकवरून गेली. तिच्या वाऱ्याने माळ उडाली आणि ब्रेकच्या पुढे असलेल्या सेन्सरवर जाऊन अडकली. हा सेन्सर रुळावर आडवा प्रकाश टाकतो. प्रकाश अडला की तिथे गाडी आहे, असं केबिनला कळतं. पहिली गाडी केव्हाच खाली पोचली होती, पण केबिनच्या लेखी ती अजून तिथेच होती. मागून दुसरी गाडी मधल्या ब्रेकवर आली आणि उभी राहिली.

मी जिना चढायला लागले. वरून आरडाओरडा ऐकू येत होता. ही राइड सहसा अडत नाही, आणि अडली ती नेमकी आज, वडील आत बसलेले असताना. चढताना मला कॉलेजातला फळा डोळ्यांसमोर दिसायला लागला.

वर पोचले तेव्हा मागचे लोक हातवारे करत होते आणि वडील ताठ बसून खालच्या छाटलेल्या द्राक्षबागा बघत होते.

"पुढे गाडी आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही. ती खाली पोचली. सेन्सरवर माळ अडकलीय."

"म्हणजे गाडी नाही, पण आहे असं दिसतंय."

"हो."

"मग बरोबर थांबली," ते म्हणाले. "शंका आली की थांबवायचं. पुढच्या स्टेशनाने लाइन क्लिअर दिल्याशिवाय मी कधी गाडी सोडली नाही. लोक खिडकीतून शिव्या द्यायचे."

"इथेही देतात."

तेव्हा ते माझ्याकडे बघून हसले. इतकी वर्षं आम्ही दोघं एकच नियम पाळत होतो आणि एकमेकांशी त्याबद्दल चकार शब्द बोललो नव्हतो. माझे डोळे भरून आले. वर वारा होता, त्यामुळे ते खपून गेलं.

मी माळ काढली, पुढचा रूळ डोळ्यांनी तपासला, पहिली गाडी फलाटाला लागल्याचं केबिनकडून विचारून घेतलं. अशा वेळी आम्ही लोकांना विचारतो, जिन्याने उतरायचं की बसून राहायचं. बरेच जण उतरले. त्यांत इलेक्ट्रिशियनची बायकोही होती, आणि खाली गेल्यावर त्याचीही पूजा झाली.

"बाबा, तुम्हीही उतरा. मी हात धरते."

"पुढचं मोकळं आहे? तू स्वतः बघितलंस?"

"बघितलं."

"मग दे लाइन क्लिअर."

मी वॉकीटॉकीवर केबिनला सांगितलं. ब्रेक सुटला, गाडी हळूच पुढे सरकली आणि वडिलांना घेऊन खाली गेली.

संध्याकाळी आम्ही दोघं मनमाडला निघालो. कॉलेजचा विषय त्यांनी काढला नाही आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही. लासलगाव येईपर्यंत ते झोपलेच होते.

दसऱ्याच्या दिवशी शेजारचे काका आपट्याची पानं घेऊन आले. वडिलांच्या पायांशी वाकले, टेकून बसले आणि म्हणाले, "मग, ही आता इथंच येणार ना कॉलेजात?" मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. वडील चहाचं बघायला उठतील असं मला वाटलं. ते उठले नाहीत.

"नाही," ते म्हणाले. "ती माझंच काम करते. गाड्या थांबवते."

काका हसले. वडील हसले नाहीत.