करडीच्या तेलाचा थेंब आणि माझी खोटी नोंद

प्रा. शांतवीरप्पा राजेश्वरकर सरांची आणि माझी पहिली गाठ प्रयोगशाळेच्या दारात पडली. मी अफजलपूर तालुक्यातल्या करजगीच्या शेतकऱ्याचा मुलगा, पीएच.डी.ला आलेला. पाठ करून आणलेली इंग्रजी वाक्यं ऐनवेळी घशात अडकली. सर म्हणाले, "कामून घाबरायलास, तम्मा? आपल्या भाषेत सांग. प्रकाशाला कुठं इंग्रजी येतंय?" तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ; सगळ्याच विद्यार्थ्यांना ते तसं म्हणत, पण त्या दिवशी तो शब्द फक्त माझ्यासाठी आहे असं मला वाटलं. सरांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात त्यांचा गौरव करणारे पुष्कळ आहेत. मला मात्र आधी माझी लाज सांगायची आहे.

त्यासाठी सरांचं काम थोडं सांगावं लागेल. केसाएवढी बारीक काचेची तार, आणि तिच्या पोटात सिलिकॉनचा गाभा. या गाभ्यात लेसरचे तीव्र स्पंद, म्हणजे क्षणभराचे झोत, सोडले की आत न घातलेल्या तरंगलांब्यांचा नवा प्रकाश पलीकडून बाहेर पडतो. डोळ्यांना तो दिसत नाही, आलेखावर दिसतो; आलेख जितका रुंद, तितकं यश मोठं. यात एक फसगत असते. थोडा प्रकाश गाभ्यातून निसटून भोवतालच्या काचेत शिरतो, तिथूनच टोकाला पोचतो आणि फुकटचा गाभ्याच्या नावावर मोजला जातो. तो घालवायला उघड्या काचेवर योग्य तेलाचा थेंब ठेवतात; काचेतला प्रकाश त्या थेंबात निघून जातो.

बाजारात यासाठी खास द्रव मिळतो. सर मात्र राजेश्वर या आपल्या गावातल्या घरच्या घाण्याचं करडीचं तेल वापरत. अंदाजपंचे नव्हे! दर हंगामाचं नवं तेल आलं की त्याचा अपवर्तनांक, म्हणजे ते प्रकाशाला किती वाकवतं तो आकडा, स्वतः मोजून बाटलीवर चिठ्ठी डकवत. थेंबाशिवाय घेतलेली मोजणी वहीत चढवायची नाही, हा त्यांचा दंडक होता.

एकदा बाहेरगावचे तज्ज्ञ प्रयोगशाळा पाहायला आले. तेवढ्या महागड्या लेसरशेजारी ती तेलकट बाटली पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'इथं काय भजी तळता का?' असं कुणी विचारलं तर? मी बाटली कपाटामागे दडवली आणि थेंबाविनाच मोजणी करून दाखवली. सर तेव्हा दारात दुसऱ्या पाहुण्यांशी बोलत होते. आलेख असा रुंद पसरला की पाहुणे खुर्च्यांवरून उठले. संध्याकाळी मी वहीत लिहिलं, 'तेल लावले.' त्या नोंदीवर विसंबून सरांनी शोधनिबंध लिहिला, आम्हा दोघांच्या नावाने.

वर्षभरात दुसऱ्या एका प्रयोगशाळेने कळवलं, की आलेखाचा एवढा पसारा आम्हाला मिळत नाही. सरांनी मला बोलावलं.

"त्या दिवशी थेंब टाकला होतास न्हवं?"

"व्हय, सर."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. संशय माझ्यावर आलाच नाही, तेलावर आला. ती बाटली तोवर संपली होती. त्या हंगामाच्या तेलाचा अंक आपणच चुकीचा मोजला, असं धरून त्यांनी निबंध मागे घेतला. पत्रात लिहिलं, 'चूक माझ्या मोजणीची आहे, माझ्या विद्यार्थ्याची नाही.' घरचं तेल आणणं बंद केलं. हाती येऊ घातलेला मोठा प्रकल्प दुसरीकडे गेला. चर्चासत्रांत पोरंसोरं 'तेलवाले सर' म्हणून खिदळू लागली. एकदा मीही त्यांच्यात हसलो. मला पदवी मिळाली, नोकरी मिळाली, आणि तोंडाचं कुलूप काही उघडलं नाही.

निबंध मागे घेतला त्याच काळात माझे वडील दवाखान्यात होते. सरांच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या अक्का, घरून रोज भाकरी-भाजी द्यायच्या, आणि डबा घेऊन सर स्वतः यायचे. एका दुपारी ते वडिलांना म्हणाले, "काळजी करू नका, अण्णा. तुमचं पोरगं कामाला चोख हाय." वडिलांनी त्यांचे दोन्ही हात धरले. मी जिन्यात जाऊन उभा राहिलो.

मागच्या महिन्यात नौबादला सरांच्या घरी जाऊन इथवरचा मजकूर सरांना वाचून दाखवला. त्यांनी कागद हातात घेऊन ती नोंदीची ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाले, "म्हंजे माझी मोजणी बरोबर होती?"

"होती, सर."

"इतकी वर्षं मी माझ्यावरच भरोसा ठेवला न्हाई की रे, तम्मा."

एवढंच बोलले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मी निघालो तेव्हा म्हणाले, "ते नोंदीचं तेवढं काढून टाक. तुझे विद्यार्थी वाचतील."

काढलेलं नाही. त्यांचा शब्द मी पहिल्यांदाच उघडपणे मोडतो आहे.

सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. माझ्या खोटेपणामुळे जे जे त्यांना हसले, त्या सगळ्यांना नौबादला जाऊन त्यांच्या पाया पडता येईल, एवढं तरी लाभो. मी त्या दिवशी गेलो होतो. पण पाया पडायला वाकायचं माझं धाडस झालं नाही.