उखळात ठेवलेला थर्मास

सव्वीस वर्षं मी बांधकाम खात्यात रस्त्यांची मोजमापं लिहितो आहे. रक्तातली साखर वाढली आणि डॉक्टरांनी सायकल चालवा म्हणून सांगितलं, तेव्हा त्याच सवयीनं पहिल्याच आठवड्यात मी एक वही केली. रुंद टायरची सायकल पुढं वर्षभरानं आली, वही आधी होती.

वहीचा नियम एकच होता. जो मार्ग मी स्वतः दोनदा चालवला नाही, तो वहीत चढणार नाही. डांबरी रस्त्यावर ऊस कारखान्याच्या ट्रॅक्टरांमुळे जीव मुठीत धरावा लागतो, म्हणून मी मुरमाचे, खडीचे, पाणंदीचे रस्ते शोधत गेलो. मांजरेच्या काठानं तीन, तेरणेच्या काठानं चार, धरणाच्या फुगवट्याकडेनं दोन. माझं मूळ गाव बिलोलीकडं, मांजरेच्या खालच्या अंगाला. नदीच्या कडेनं सायकल मारायची सवय जुनीच. लातूरला नोकरीसाठी आलो आणि पोरांच्या क्लासेसमुळे इथंच राहिलो. आमच्या गल्लीतली निम्मी घरं अशीच आहेत.

नवव्या मार्गाची नोंद अशी होती: ‘एका बाजूनं एकोणचाळीस कि.मी. पैकी मुरूम सतरा, खडी सहा. पावसानंतर दोन दिवस जाऊ नये, काळी माती चाकात बसते. विश्रांती: पडक्या गावात दगडी ओटा, लिंबाची सावली, समोर धरणाचं पाणी. चारचाकी इथपर्यंत येते. लघवीला आडोसा: ओट्यामागे.’

या नोंदीतला एकही आकडा चुकीचा नव्हता.

दर रविवारी आम्ही सात-आठ जण जायचो. मास्तर, एक औषध दुकानदार, एक वकील, सगळे पन्नाशीच्या आसपासचे. त्या ओट्यावर बसून चहा प्यायचो, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खायचो. एकदा मी तिथला फोटो घरी दाखवला. बायको भाजी निवडत होती. तिनं फोन हातात घेतला आणि बोटानं फोटो मोठा केला.

“हा थर्मास कशात ठेवलाय?”

“दगडात खळगा आहे एक. त्यात बरोबर बसतो, सांडत नाही.”

“उखळ हाय ते.” ती बराच वेळ बघत राहिली. “कड फुटलेली दिसायली का? धाकट्यानं पहार आपटली होती. आईनं त्याला संध्याकाळपर्यंत जेवायला दिलं न्हाई.”

मला समजायला वेळ लागला. ते समजलं नाही, ही चूक माझी आणि फक्त माझी आहे, म्हणून ती नीट सांगतो. माझी सासुरवाडी मला माहीत होती. भूकंपानंतर गाव चार किलोमीटर लांब नव्या जागी वसवलं, नाव तेच राहिलं. सरळ रांगा, घरांना क्रमांक. माझं लग्न तिथं, तिच्या चुलत्यांच्या अंगणात झालं. पाटीवर तेच नाव, शाळेवर तेच नाव. मी त्यालाच तिचं गाव समजत आलो. जुनं गाव कुठं होतं हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. नदीकाठी तीन-चार ठिकाणी अशा पडक्या भिंती आहेत, त्यांतली एक तिची असेल हे डोक्यात आलं नाही. भूकंपाचा माझा स्वतःचा अनुभव एवढाच की बिलोलीत पहाटे मांडणीवरची भांडी वाजली, आजोबा मांजराला हाड म्हणाले आणि आम्ही परत झोपलो.

तिच्या घरातले तिघं गेले. आई, वडील आणि धाकटा भाऊ. माळवदाचं घर होतं, वरची सगळी माती खाली आली. ती अकरावीला लातूरला खोली करून राहत होती, क्लाससाठी. गणपतीसाठी घरी आली होती. भूकंपाच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, गणपती बुडवून उद्या जा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी टेस्ट होती, म्हणून वडिलांनी तिला दुपारच्या यस्टीत बसवून दिलं.

तिनं वही मागून घेतली. नववा मार्ग वाचला.

“हा ओटा न्हाई ओ. ही ओसरी हाय,” ती म्हणाली. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “ओसरीमागं माजघर. तिथं झोपायचे सगळे.”

आडोशाला मीही गेलो होतो. आठ-दहा वेळा तरी.

हे सगळं बुधवारी झालं आणि येत्या रविवारी नववा मार्ग साठ जण चालवणार होते. आमच्यातले एक भौतिकशास्त्राचे सर स्वतःचा क्लास चालवतात. पोरांचा ताण जावा म्हणून त्यांनी क्लासची मुलं, मास्तर आणि शहरातले हौशी लोक अशी मोठी सायकलफेरी ठरवली होती. मार्ग माझ्याच वहीतून घेतला होता आणि सगळ्यांच्या फोनवर नकाशा गेला होता.

मी दुसऱ्या दिवशी क्लासवर गेलो. जिन्यात चपलांचा ढीग होता, वर पंख्यांचा आवाज. सरांना मी म्हणालो, थांबायची जागा बदला.

“का बरं, सर?” लातुरात सगळेच एकमेकांना सर म्हणतात. “पडक्या भिंतींचाच तर फील आहे. वरून शूटिंग करणार आहोत.”

“तिथं माणसं मेलीत.”

“सर, त्या पट्ट्यात कुठं मेली नाहीत ते सांगा. तशी जागा दाखवा, तिथं थांबू.”

मी त्यांना दीड किलोमीटर पुढचा बांध सांगितला. पोह्यांचा टेंपो तिथपर्यंत जाईल का, असं त्यांनी विचारलं. जात नाही. काळी माती आहे. ते माझ्याच वहीत लिहिलेलं होतं.

मग मी खरं कारण सांगितलं. “वहिनींना वाईट वाटलं असेल,” ते म्हणाले. “पण सर, एवढ्या वर्षांनी. बसू देऊ नका हवं तर कुणाला त्या दगडावर. मी सूचना देतो.”

घरी येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. आडोशाचं सरांशी बोलायला मला लाज वाटली, तेही सांगितलं.

“मग मी येते,” ती म्हणाली.

“चाळीस किलोमीटर आहे. तुझं सगळ्यात जास्त चौदा झालंय.”

“टेंपोत बसून येते. पोह्यांसंगं.”

रविवारी आम्ही पोहोचलो तेव्हा ती तासभर आधी आलेली होती. ओसरीवरचा पाला झाडून काढलेला होता. उखळातली मातीसुद्धा काढली होती. समोर दोन दगड तिनं हातभर अंतरावर मांडले होते. स्वतः ती मागं, माजघराच्या जागी, पदर खोचून उभी होती.

पोरं सायकली टाकून ओसरीकडं आली. सर सूचना द्यायला विसरले होते.

“दारातून या,” ती म्हणाली.

पोरांनी इकडंतिकडं बघितलं.

“दोन दगड दिसायलेत ना? ते दार हाय. भिंतीतून काय येताव?”

काही जण हसले, पण वळसा घालून त्या दोन दगडांमधून आले. वकीलसाहेब फोनवर बोलत सरळ भिंतीच्या रेषेवरून आले. तिनं त्यांना परत पाठवलं. ते गेले आणि दारातून आले. क्लासच्या दोन मुली ओसरीच्या कडेला उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत.

“मावशी, हे तुमचं घर होतं?” एकीनं विचारलं.

“हाव.”

“मग तुम्ही तेव्हा कुठं होता?”

“लातूरला. क्लासला. सकाळी टेस्ट होती.”

त्या मुलीच्या हातात पोह्यांची कागदी प्लेट होती. ती तिनं तशीच धरून ठेवली. दुसरी म्हणाली, “झाली का मग टेस्ट?”

“न्हाई.”

नाश्ता पाऊण तास चालला. त्यात अकरा जण आडोशाच्या शोधात ओसरीच्या मागं निघाले. मी मोजले. ती कुणालाही रागावली नाही. “तिकडं जा बाबा, बाभळीमागं,” एवढंच म्हणायची आणि जागेवरून हलायची नाही. औषध दुकानदार माझा रविवारचा सोबती. तो सवयीनं निघाला, तिला बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. त्याला बहुतेक सगळं कळलं. तो पाण्याच्या कडेला जाऊन एकटाच बसून राहिला.

सरांनी सगळ्यांना ओसरीबाहेर उभं करून फोटो काढला. शिट्टी झाली आणि सायकली मुरमावरून निघाल्या.

मी मागं थांबलो. टेंपोवाला भांडी भरत होता.

“चल आता,” मी म्हणालो.

“सगळे गेले?”

“गेले.”

“आणि पुढच्या रविवारी?”

माझ्या वहीतली ओळ मी खोडली होती, पण मार्ग साठ फोनांत होता. त्यातले दहा तरी पुन्हा येणार, आपल्या ओळखीच्यांना आणणार. ओसरीवर बसतील आणि मग मागं जातील. दर रविवारी तिला इथं उभं राहता येणार नव्हतं.

टेंपोवाल्याकडं कोयता होता. मी बाभळीच्या फांद्या तोडायला लागलो. शेताच्या वाटेवर गुरं येऊ नयेत म्हणून लोक लावतात तसं काट्यानं ते माजघर बंद करायचं, एवढंच मला सुचलं. तिला ते पटलं की नाही, मी विचारलं नाही. ती पुढं झाली आणि एक फांदी बुडाकडून धरून ओढायला लागली.

पहिली फांदी मी भिंतीकडच्या बाजूला टाकायला गेलो तेव्हा तिनं मला थांबवलं.

“तिकडून नका,” ती म्हणाली. “डोकी तिकडं करून झोपायचे. पायाकडून टाकत या.”