साडूंचं नाक

भूम तालुक्यात खव्याच्या भट्ट्या उदंड आहेत, पण आयुष्यभर भट्टीसमोर बसून स्वतः एकदाही न तापलेला माणूस एकच, आमचे साडू. हे विधान मी पूर्ण जबाबदारीनं करतो आहे. त्यांची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी आहेत, त्यामुळे तापण्याची संधी आम्हा दोघांना सारखीच मिळालेली आहे. मी धाराशिवच्या एका शाळेत मराठीचा मास्तर. तासाची घंटा जरा उशिरा झाली तरी माझं डोकं फिरतं. साडूंचं सगळं उलटं. लगीनसराईत वीज गेलेली असते, दूध घालणारे शेतकरी रिकाम्या किटल्या मागत असतात, टेम्पो दारात हॉर्न बडवत असतो, आणि हे गृहस्थ उलथणं बायकोच्या हाती देतात, खांद्यावर पंचा टाकतात आणि आंघोळीला जातात.

काम गळ्याशी आलं की आंघोळ, हा त्यांचा धंद्याचा नियम आहे. सकाळची नेहमीची आंघोळ वेगळी, ही वेगळी. फोनवर कुणी व्यापारी तणतणत असला की मेहुणीबाई एवढंच सांगतात, "त्ये दुसऱ्यांदा आंगुळीला गेलेत." जाणते व्यापारी तेवढ्यावरून समजतात आणि गुपचूप फोन ठेवतात. आणि ही आंघोळ मुकाट्यानं होत नाही. अंगावर पाणी पडलं की साडू तुळजापूरच्या आईशी मोठ्यानं भांडायला लागतात. मी स्वतः ऐकलेलं आहे, "आई, लग्नं तूच जमवलीस, लाईट तूच नेलीस. आता त्या टेम्पोवाल्याला तूच समजाव. म्या साबण लावतोय!" न्हाणीघराला पत्र्याची भिंत. पलीकडे शेजारचे शेखचाचा बाज टाकून बसलेले असतात. त्यांच्या दोन गाड्या भाड्यानं चालतात. साडू अंग पुसत बाहेर येतात तोवर शेखचाचांनी कुठून तरी जनरेटर उचलून आणलेला असतो. "अरे, देवीला सांगता तर सांगता, आम्हालाबी जरा हळू आवाजात सांगत जा. अख्ख्या गल्लीला कळतंय," असं म्हणत ते वायर जोडून देतात. मी एकदा साडूंना चिडवलं, की तुमचं गाऱ्हाणं देवी ऐकते की शेखचाचा? ते म्हणाले, "गुरुजी, कुणाच्या कानानं ऐकायचं ह्ये आईचं आई ठरवती. आपुन बोलायचं काम करावं."

कढई उतरली की त्यातला पहिला गोळा पळसाच्या पानावर देवीपुढे जातो. तिथं ठेवायची लाज वाटेल असा माल ते बाजारात पाठवत नाहीत, आणि त्यांना लाज फार लवकर वाटते. एका दिवाळीत एक कढई किंचित बुडाला लागली. मला तर काहीच फरक कळेना. माल न्यायला आलेला माणूसही म्हणाला, "मालक, भरून टाका. पेढ्यात विलायची पडली की कुणाला कळतंय?" साडूंनी त्याला पाण्याचा तांब्या दिला आणि शांतपणे म्हणाले, "तुमाला न्हाय कळणार. आईला कळतंय की! ती काय विलायची हुंगून बसलीय व्हय?" ती सगळी कढई गल्लीत आणि नात्यागोत्यात वाटली. त्या दिवाळीला आमच्या घरी करपट खव्याच्या इतक्या करंज्या झाल्या, की दारी कुणी आलं की मी आधी करंजी पुढं करी आणि मग नाव विचारी.

देवीला कळायच्या आधी ते साडूंच्या नाकाला कळायचं. ते नाक म्हणजे एक प्रस्थच होतं. किटलीचं झाकण उघडलं की दूध कोणाच्या वस्तीवरचं आणि म्हशीनं कडबा खाल्लाय की हिरवं, हे ते नुसत्या वासावर सांगत. आमच्या घरी आले की पायरीवरूनच ओरडत, "ताई, वरण खाली लागाय लागलंय बघा!" माझी बायको स्वयंपाकघरात धावायची आणि वरण खरंच लागायच्या बेतात असायचं. सोलापूरचे एक मोठे मिठाईवाले शेठ वर्षानुवर्षं त्यांच्याकडून खवा नेतात, ते कधीही माल तपासत नसत. "तुमच्या नाकाखालून गेलाय ना? मग झालं," म्हणत. साडूंचा अर्धा धंदा त्या एका दुकानावर चाले.

मागच्या हिवाळ्यात साडूंना साधा ताप आला आणि गेला. दिवाळी कधीच उरकली होती, शेठच्या लगीनसराईच्या मालाची घाई होती. मी नाताळच्या सुट्टीसाठी तिथंच होतो. साडू कढईसमोर बसून ढवळत होते, चेहऱ्यावर नेहमीचं समाधान. आणि गल्लीभर करपल्याचा वास सुटला. मला आला, शेखचाचांना आला, मेहुणीबाई परसातून पळत आल्या. साडू आमच्या तोंडाकडं बघत म्हणाले, "काय झालं? कुणी आलंय का?" त्यांनी एकेकाचा चेहरा पाहिला, मग कढईत वाकून खोल श्वास घेतला, पुन्हा घेतला. मग उलथणं खाली ठेवलं आणि आंघोळीला गेले. आम्ही सगळे कान देऊन उभे राहिलो. पाण्याचा आवाज येत होता, पण साडू एक शब्द बोलले नाहीत. पत्र्यापलीकडून शेखचाचांनी हाक मारली, "भाई, बोलो तो सही!" तरी नाही. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली.

डॉक्टर म्हणाले, येईल वास परत, कदाचित नाहीही येणार. तेव्हापासून कढई हुंगायचं काम मेहुणीबाईंकडे आलं. त्यांचं नाकही काही कमी नव्हतं, इतकी वर्षं त्याला विचारलं कुणी नव्हतं एवढंच. माल पहिल्यासारखाच उतरू लागला. शेठला हे कळू द्यायची गरजच नाही, असं आम्ही सगळ्यांनी साडूंना परोपरीनं सांगितलं. मी तर माझ्या स्वभावाप्रमाणे तापून सांगितलं, "साडूभाऊ, माल चोख आहे, फसवणूक कसली? हातातलं गिऱ्हाईक कशाला घालवता?" ते म्हणाले, "खवा चोख हाय, व्हय. पण शेठ माझ्या नाकाच्या भरवशावर न्हेत्यात. त्ये नाक आता न्हाय. मग म्या त्यास्नी काय विकतोय?"

शेठ पुढच्या खेपेला स्वतः आले, तेव्हा साडूंनी चहाच्या आधीच सांगून टाकलं. शेठनी विचारलं, "मग आता माल बघतं कोण?" साडूंनी आत हाक मारली. मेहुणीबाई पदर सावरत आल्या आणि शेठनी पुढं केलेल्या दोन गोळ्यांतला कालचा कोणता, हे त्यांनी हुंगून पटकन सांगितलं. शेठ हसले, पण धंदेवाला माणूस धंदा विसरत नाही. "तूर्त निम्मा माल द्या. मग बघू," म्हणाले. ते अजून निम्म्यावरच आहेत. फरक इतकाच, की आता त्यांचा फोन साडूंना येत नाही, थेट मेहुणीबाईंना येतो, आणि त्या तो कडक आवाजात घेतात. साडूंना याचं भारी कौतुक. निम्मं गिऱ्हाईक गेल्याचं दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. एक भट्टी थंड असते, तिच्यावर ते वाळवणं पसरून ठेवतात.

परवा ते धाराशिवला आले होते. ताजा खवा आणला होता, अजून कोमट. बायको आत गेल्यावर त्यांनी पुडी उघडून माझ्यापुढं धरली आणि जरा संकोचून म्हणाले, "गुरुजी, तुमी भाषेचं मास्तर. वास कसा हाय, सांगता का? घरी हिला इचारलं तर 'चांगला हाय' म्हणती आन् कामाला लागती." मी हुंगलं. काय सांगावं ते सुचेना. मग सांगत गेलो, की उन्हात वाळलेल्या गोधडीसारखा ऊबदार आहे, साय खरवडल्यावर बोटाला येतो तसा आहे, थोडा धुराचा, पण करपट नाही, आणि मागून कुठंतरी गोड, लहान मूल दूध पिऊन झोपल्यावर त्याच्या तोंडाला येतो तसा. साडूंनी डोळे मिटले होते. आयुष्यात न तापलेल्या त्या माणसाच्या पापण्या ओल्या झाल्या होत्या.

"व्हय, तसाच," ते म्हणाले. "अजून सांगा."