डोंगर चुकवून काढलेली वाट

माझ्या साडूने मला फसवले, हे मी आता कोणालाही बसल्या बसल्या सांगतो. आधी सांगत नसे. घरातली गोष्ट, आपलेच दात आणि आपलेच ओठ, असे म्हणून कित्येक वर्षे गिळली. पण गिळलेले सगळेच पचते असे नाही, आणि या वयात ते पोटात ठेवून तरी मला कोणते पुण्य मिळणार आहे?

लढाईचे दिवस होते. आमचे गाव केशोरीच्या अलीकडे. पोट शेतीवर, पण ओळख तलावांची. आमच्या आज्या-पणज्यांनी या मुलखात गावोगावी तलाव बांधले. माझ्या वाट्याला नवा तलाव आला नाही, जुन्यांची डागडुजी तेवढी आली. तरीही दूरच्या एखाद्या गावात जाऊन घराण्याचे नाव सांगितले की लोक बसायला खाट टाकत, पाणी देत आणि मग कोणत्या तलावाची पार कुठे पाझरते ते दाखवायला घेऊन जात. पार म्हणजे तलावाचा मातीचा बांध. त्या नावाखेरीज माझ्याकडे मिरवण्यासारखे काही नव्हते, आणि मला त्याची खंतही नव्हती.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मूळचा तिरोड्याकडच्या बोदलकसाच्या बाजूचा, राहायला गोंदियात, धंदा धानाच्या व्यापाराचा. त्याचे घराणेही आमच्यासारखेच तलाववाले. माणूस बोलायला इतका गोड की त्याच्यापुढे गूळही फिका पडावा. दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे आमच्या गावच्या जत्रेला, तो आमच्याकडे आला आणि त्याने गावासमोर गोष्ट काढली. दरेकशाच्या डोंगराखाली लाकूड चिरण्याचा एक कारखाना बंद पडत होता. तिथले वाफेचे इंजन त्याने घेतले होते. ते तुमच्या गावात आणू आणि धानाची गिरणी घालू, म्हणाला. इंजन माझे, जागा तुमची, कांडण्याचा जाच कायमचा संपला.

आमच्या बायका पहाटेपासून उखळापाशी उभ्या असत. माझ्या बायकोचा उजवा हात त्यापायी खांद्याच्या वर जात नव्हता. गाव हरखले नसते तरच नवल.

अडचण इंजन आणण्याची. रेल्वेचे डबे लढाईच्या सामानाला लागलेले, लॉरीला पेट्रोल मिळत नव्हते. इंजनाला स्वतःची चार लोखंडी चाके होती, तेव्हा बैल जुंपून ते ओढत आणायचे, एवढाच उपाय उरला. मुलखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. साडू म्हणाला, वाट तू काढ, तुझ्याइतकी जमीन कोणाला कळते? मी फुगलो. सरळ दक्षिणेला, देवरीच्या अंगाने खाली यायचे माझ्या मनात होते, कारण तीच वाट जवळची. त्यावर तो म्हणाला की त्या बाजूला डोंगर आहेत, शिवाय मोठ्या सडकेवरून लांबवर जावे लागेल आणि तिथे पलटणीच्या लॉऱ्या. त्यापेक्षा आमगावावरून गोरेगावच्या बाजूला सरक, तिकडे सपाट आहे, मग खाली वळ. वळसा पडेल, पण इंजन शाबूत येईल. मला ते पटले. व्यापारी असून याला जमिनीचे डोके आहे, असे मी बायकोपाशी त्याचे कौतुकही केले. ते आठवले की आजही स्वतःच्या तोंडात मारून घ्यावेसे वाटते.

धान कापून शेतांतल्या बांध्या मोकळ्या झाल्या तसा मी निघालो आणि अख्खी वाट पायी पाहिली. साडू जमेल तिथे बैलबंडीतून येऊन मिळे. लोकांना वाट विचारली तर लोक आपल्या सोयीची सांगतात. ज्याला आपल्या शेतातून चाक जाण्याची भीती, तो शेजाऱ्याच्या शेतातून सांगतो. म्हणून मी वाट विचारतच नसे. पावसाळ्यात पाणी कुठून येते आणि कुठे जाते, एवढेच विचारायचो. पाण्याबद्दल आमच्याकडे कोणी खोटे बोलत नाही. पाणी जिथे धावत जाऊन माती खरवडते तिथे चढ आहे, तिथून इंजन येणार नाही. जिथे साचून राहते तिथे जमीन सपाट, पण पोटात चिखल. वरून कितीही वाळलेली दिसली तरी लोखंडी चाक रुतणार. या दोहोंच्या मधून, मुरमाच्या अंगाने मी वाट धरत गेलो. चढापेक्षा मला उताराची धास्ती जास्त होती. चढावर बैल फार तर थांबतात, उतारावर इंजनच बैलांच्या अंगावर येते. म्हणून असा उतार आला की मागे साखळीने ओंडका बांधून तो घासत न्यायचा, असे ठरवले.

गर्दी चुकवणे त्याहून किचकट. धान निघाले की गोंदियाच्या वाटेवर बंड्यांची रांग लागते. त्यात इंजन शिरले असते तर होळीलाच बाहेर पडले असते. पलटणीच्या लॉऱ्यांचा भोंगा ऐकून बैल उधळत, म्हणून मोठी सडक एकाच जागी आणि सरळ ओलांडायची. कोणत्या गावचा बाजार कोणत्या वारी, कुठे बैलांच्या शर्यतींचा शंकरपट भरणार, आमगावच्या रेल्वे फाटकातून गाडी नसताना केव्हा निघता येईल, हे सगळे मी जुळवले. मी ती वाट डोळे मिटून सांगू शकत होतो.

पण नुसत्या वाटेने इंजन येत नाही, ओढायला बैल लागतात. एकाच गावच्या जोड्या एवढे अंतर ओढून मेल्या असत्या. तेव्हा वाटेवरच्या गावांनी आपापल्या शिवेपासून पुढच्या शिवेपर्यंत जोड्या द्याव्यात आणि त्या बदल्यात उन्हाळ्यात आमच्या गावाने येऊन त्यांच्या तलावाच्या पारीवर माती टाकावी, असे मी सुचवले. आमचे गाव त्याला कबूल झाले, गिरणी येणार होती ना. गावोगावी बैठक बसली. मी उभा राहून शब्द दिला. कागद कोणी मागितला नाही. आमच्याकडे कोणाच्या शेतात कोणत्या दिवशी पाणी सोडायचे हेसुद्धा तोंडीच ठरते आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळले जाते. तलाववाल्या घरातला माणूस शब्द मोडेल, हे त्यांच्या डोक्यात येणे शक्य नव्हते. माझ्याही नव्हते. साडू प्रत्येक बैठकीला माझ्या मागे पान चघळत बसून असायचा आणि कधी एक अक्षर बोलला नाही. मला वाटे, मला मान देतो आहे.

आमगावच्या पुढे एका गावी म्हातारा पाटील होता. त्याच्या तलावाची पार दोन जागी झिरपत होती आणि पुढच्या पावसाळ्याची त्याला काळजी लागली होती. त्याने मला फक्त विचारले, मागे बसले आहेत ते कोण? माझे साडू, म्हणालो. मग काही प्रश्नच नाही, म्हणाला, आणि गावातल्या सगळ्यात चांगल्या जोड्या दिल्या.

इंजन निघाले. प्रत्येक शिवेवर लोक वाजतगाजत येत, बायका चाकांवर पाणी ओतत, बैलांना ओवाळत. एका नाल्यात चाक बसले, तेव्हा फांद्या आणि धानाचे तणीस टाकून सगळ्या गावाने खांदा दिला. माझ्या आयुष्यात मी एवढा आनंदात कधी नव्हतो. म्हाताऱ्या पाटलाच्या गावाच्या पुढे, गोरेगावच्या अलीकडे मुक्काम पडला, तेव्हा साडू म्हणाला, तू आता पुढे हो. सडक ओलांडायला जास्त जोड्या लागतील, त्या जमव, आणि गावात इंजनासाठी चौथरा बांधायला घे. इथून सपाटच आहे, मी आणतो.

मी गेलो. चौथऱ्याला दगड लावले, जोड्या घेऊन सडकेच्या कडेला येऊन थांबलो. इंजन येईना. आज येईल, उद्या येईल. जोड्यांचे मालक कुरकुरू लागले, एकेक करून घरी गेले. शेवटी उत्तरेकडून आलेल्या एका बंडीवाल्याला विचारले. तो म्हणाला, ते धुरांड्याचं इंजन ना? ते तर केव्हाच तिरोड्याच्या वाटेनं गेलं.

मी पायीच निघालो. वाटेत एकच गोष्ट घोकत होतो की चाक मोडले असेल, दुरुस्तीला नेले असेल. बोदलकसाच्या बाजूला त्याच्या मूळ गावी पोचलो, तर धुरांड्यातून धूर निघत होता. कौलारू छपरी, तिच्याखाली इंजन आणि शेजारी गिरणी. मी इंजनाखालच्या चौथऱ्याकडे पाहत राहिलो. त्याच्या दगडांवर शेवाळ वाळून काळे पडले होते. म्हणजे त्या चौथऱ्याने मागचा पावसाळा पाहिला होता. मंडईला आमच्या गावात बसून तो जागा तुमची म्हणाला, त्याच्याही आधीचा तो चौथरा.

तेव्हा गोरेगावचा वळसा कशासाठी होता ते मला कळले. तिथून डावीकडे केशोरी आणि उजवीकडे तिरोडा. डोंगराची काळजी त्याला माझ्यासाठी नव्हतीच. ताकास तूर लागू न देता त्याने माझ्याच हातून आपल्या घरापर्यंतची वाट काढून घेतली आणि माझ्या हातावर तुरी दिल्या.

मेहुणीने चहा केला. ती माझ्याकडे पाहत नव्हती. साडू मात्र नेहमीसारखाच हसत होता. तुझ्या गावात पुढच्या साली दुसरे इंजन आणू, म्हणाला. गावोगावच्या लोकांना मी काय सांगू, असे मी विचारले, तेव्हा त्याने तोंडातले पान एका गालातून दुसऱ्या गालात नेले.

"सांग ना काहीतरी. धंद्यात असं होतंच, भाई. आन् शब्द कोनं देल्ला? मी कुठी बोललो होतो काय? तूच बोलून राहिला होतास."

मी चहा तसाच ठेवून उठलो. त्याला मारावेसे वाटले आणि मारले नाही, याचा मला अजून पश्चात्ताप होतो. परका चोर असता तर मी एवढा मोडलो नसतो. माझ्या मुलांनी त्याच्या मांडीवर बसून खाल्ले होते, आणि तोच माणूस बैठकीत माझ्या मागे गप्प बसत होता.

गावात आलो तर गाव माझ्यावर उखडले. उन्हाळ्यात माती टाकायला चला, असे मी घरोघरी जाऊन विनवले. गिरणी आली काय? मग माती कायले टाकाची? हे सगळीकडचे उत्तर. त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. बायकोने बहिणीचे नाव टाकले. सणाला माहेरी जायचे म्हटले तरी बहीण येणार नसेल तरच जायची. मला ती एकदाही तुम्ही चुकलात म्हणाली नाही. उन्हे तापली, तसे तिने आपणहून फावडे आणि दोन टोपल्या बाहेर काढल्या. गाव येत नसले तर आपण दोघे जाऊ, म्हणाली, जेवढी पडेल तेवढी टाकू. सगळ्यात आधी म्हाताऱ्या पाटलाच्या गावी जायचे ठरले, कारण पाऊस आला तर पहिली त्याचीच पार जाणार होती.

आम्ही पोचलो तेव्हा गावातले लोक स्वतःच माती टाकत होते. मी कोणाशी न बोलता खणायला लागलो. बायको टोपली डाव्या हाताने सावरत डोक्यावर घेऊन चढू लागली. पारीवर म्हातारा पाटील उभा होता. त्याने तिला हाताने थांबवले आणि तो खाली माझ्यापाशी आला. मी त्याला सगळे सांगितले. साडू, चौथरा, शेवाळ, काही राखून ठेवले नाही.

"तुले त्यानं फसवलं, हे खरं आहे बापा," तो म्हणाला. "पन आमी त्याले कुठी ओरखत होतो? आमाले तू फसवलास. खोट्या बोलाची माती आमी पारीवर टाकू देत नाई."

तो रागावला नव्हता. त्याने बायकोला, तू दमली असशील, सावलीत बस आणि जेवून जा, असेही सांगितले. ती जेवायला थांबली नाही. तिने टोपलीतली माती पारीच्या पायथ्यापासून दूर, बांधीत नेऊन ओतली, रिकामी टोपली माझ्या टोपलीत घातली आणि आम्ही परत निघालो.