ठोकेमामांचा कान

ही गोष्ट मी इतकी वर्षे टाळली, कारण ती सांगायची तर आधी स्वतःवर बोट ठेवावे लागते. पाणीपुरवठ्याच्या आमच्या बोगद्यावर एक मिस्त्री होते. अख्खे खाते त्यांना ठोकेमामा म्हणे. त्यांच्या कानाइतके खरे यंत्र खात्यात दुसरे नव्हते. तो कान मी कागदावर बहिरा केला.

कोल्हापूरला पाणी आणणारा तो बोगदा जुना. उन्हाळ्यात पाणी बंद करून तो रिकामा करत, तेव्हा मामा अनवाणी आत शिरत. काँक्रीटच्या अस्तरावर हातोडीचा ठोका आणि लगेच भिंतीला कान. पोकळ वाजले की चुन्याची फुली. कुणी मध्ये बोलले तर म्हणत, "गप की जरा. भिंत बोलाय लागलीया."

नव्वदच्या दशकात भूकंपाचे धक्के वाढले आणि बोगदा मजबूत करायचे ठरले. अस्तर आणि खडक यांच्यामधल्या फटीत पातळ सिमेंट दाबाने भरायचे होते. मी नवा इंजिनिअर. मामांनी मला दोन वाक्यांत शिकवले, "खडक हालला तर अस्तरानं त्येच्यासंगं हालाय पायजे. मधी पोकळी ऱ्हायली की फुटलंच म्हणा."

काम संपल्यावर ठेकेदाराचा माणूस छाती फुगवून उभा होता. मामांनी बोगद्याच्या वळणावर ठोके मारले. "पावणं, डब्यागत वाजतंय ह्ये. वरनं रंग दिला म्हणून डबा भरत न्हाय." त्यांनी तिथे ओळीने अकरा फुल्या मारल्या.

बोगदा बंद असल्याने शहरात राजारामपुरीत नळ कोरडे होते. बायकांनी रिकाम्या घागरी आणून ऑफिसच्या फाटकात मांडल्या होत्या. आमचे साहेब काम पूर्ण झाल्याचा दाखला पुढे करून मला म्हणाले, "सही करा, नाहीतर बाहेर जाऊन तुम्हीच उत्तर द्या." मामा म्हणाले, "सायेब, आनखी चार दिस मागून घ्या. लोकं शिव्या देतील, खाऊया की दोघं मिळून."

मी सही केली. फुल्यांचे काय, असे कुणी विचारू नये म्हणून खाली लिहिले, 'सदर मिस्त्रींना वयोमानानुसार कमी ऐकू येते. त्यांच्या खुणा ग्राह्य धरू नयेत.' हे वाक्य मला कुणीही सांगितले नव्हते. ते माझे.

मामांना एका टाकीवर राखणीला बसवले. ऑफिसात आले की पोरे मुद्दाम ओरडत, "मामा, च्या घेणार काय?" मामा हळूच म्हणत, "मला ऐकाय येतंय. तुमास्नीच न्हाय."

काही वर्षांनी एक धक्का बसला आणि वळणावरचे अस्तर कोसळले. नेमके त्या फुल्यांपाशी. शहर पुन्हा तहानले. चौकशीत विचारले, आधी कुणी सांगितले होते का? माझे ते वाक्य काढून दाखवले गेले. त्याने मला वाचवले, पुढे बढतीही मिळाली. साहेबांचा मला आजही संताप येतो, ठेकेदाराचा येतो. पण ते अक्षर माझे होते, आणि त्याचा राग काही केल्या उतरत नाही.

निवृत्तीनंतर मी शाहूवाडीकडे त्यांच्या गावी गेलो. मामा ओट्यावर तांदूळ निवडत होते. मी जवळ बसून म्हणालो, "मामा, माझं चुकलं."

त्यांनी कानामागे हात धरला. "मोठ्यानं बोला, सायेब. आता खरंच ऐकाय येत न्हाय."

दारात सून उभी होती. समोरच्या ओट्यावर चारपाच माणसे बसून आमच्याकडेच बघत होती. मी श्वास घेतला आणि ओरडलो, "यंदा भात कसं झालंय?"

"बरं हाय की," मामा म्हणाले, आणि माझ्या ओठांकडे बघत राहिले.